चेनरिंगचे दाते झिजलेत की मुळातच तसे आहेत?

घाटमाथा_२६
३×८ गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, पुढे पायडलजवळच्या तीन चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या, ४२-३२-२२ दात्यांच्या. नवी चेन टाकल्यापासून ३२ वर असताना चढाला जोर दिला की चेन सटकते. दुकानदार म्हणतो अख्खं चेनव्हील (तिन्ही रिंगांचा सेट) बदला, ४२ च्या रिंगचे काही दाते बुटके आणि तिरपे छाटलेले आहेत. ही झीजच ना?

तेलकटहात
नाही. ते दाते कारखान्यातूनच तसे येतात. गिअर बदलताना चेन तिथून वर चढते किंवा खाली उतरते. रिंगच्या आतल्या बाजूला, त्या दात्यांच्या आसपास पिना आणि तिरप्या खाचा दिसतील. हे दाते सोडा आणि मधले साधे दाते बघा.

धड दाता दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. झिजलेल्याची रोलरला ढकलणारी बाजू, म्हणजे फिरण्याच्या दिशेकडची, पोखरते. खाच रुंद होते आणि टोक लाटेसारखं पुढे झुकतं. मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) उलट, तिथे दात्याची पाठ झिजते, कारण तिथे चेन दात्याला ओढते. पुढे आधी क्रँकशी (पायडलच्या दांड्याशी) काटकोनात येणारे दाते तपासा. पायडलवर पूर्ण जोर असतो तेव्हा भार त्यांच्यावरच असतो.

स्पोक_अँड_निपल
सटकण्याचं मूळ बहुतेक मागे असतं. ३२ वर ठेवून मागचे आठही गिअर जोर देऊन तपासा. सगळ्यांवर सटकली तर ३२ ची रिंग गेली. दोन-तीनवरच सटकली तर कॅसेट. ठराविक अंतराने एकच झटका येत असेल तर चेनची कडी आखडली असेल. पायडल हळू उलटं फिरवा, डिरेलरच्या (मागे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) छोट्या चाकांवरून जाताना ती कडी उचललेली दिसते.

जुनी चेन टाकून दिली नसेल तर ताणून स्टीलच्या पट्टीने मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ३०४.८ मिमी भरतात. ८ स्पीडला ३०७ च्या आसपास चेन बदलायची. त्यापुढे वापरली असेल तर कॅसेटही तिच्यासोबत झिजलेलं असणार.

घाटमाथा_२६
मागच्या १३ आणि १५ दात्यांवरच सटकते. जुनी चेन ३०९ भरली. ३२ चे साधे दाते सरळ आहेत. २२ वर मात्र दात्यांच्या कडेला धारदार पत्रा बाहेर आलाय.

तेलकटहात
३०९ म्हणजे फारच उशीर झाला! मागचं बदला, ३२ आणि ४२ राहू द्या. खरेदीआधी कॅसेट आहे की आट्यांचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला गठ्ठा) ते बघा, ८ स्पीडमध्ये दोन्ही मिळतात आणि काढायचं हत्यार वेगळं लागतं. कॅसेटला लॉकरिंगची (कॅसेट आवळून धरणाऱ्या रिंगची) चावी आणि चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारा चेनचा पाना), बसवताना ४० न्यूटन-मीटर. फ्रीव्हीलला नुसता त्याच्या खाचांचा पुलर आणि लांब पाना.

२२ वरची ती धार बारीक कानशीने काढा, फक्त बाजूची, दात्याच्या तोंडाला कानस लावू नका. चिखलात त्या धारेला अडकून चेन खालून सुटत नाही, रिंगसोबत वर ओढली जाते आणि चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासत जाम होते. दाते हुकसारखे वळले असतील तर कानशीने भागणार नाही.

स्पोक_अँड_निपल
रिंग्ज बोल्टच्या आहेत की रिव्हेटच्या तेही बघून ठेवा. रिव्हेट असतील तर २२ ची एकटी रिंग बदलता येत नाही, तेव्हा मात्र दुकानदाराचं बरोबर, अख्खा सेट घ्यावा लागतो. बोल्टच्या असतील तर ४२ बसवताना तिची बाहेर आलेली पिन क्रँकच्या दांड्यामागे आली पाहिजे. नाहीतर खाचांची जागा चुकते आणि चेन वर चढताना अडखळते.