मदत हवी आहे: थर्टी-थर्टीची साइट जुळवायची आहे, पण गोळ्या सकाळी डावीकडे आणि संध्याकाळी मध्यावर

सस्क्वेहानाकाठी:

नमस्कार मंडळी. मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहते. यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. राज्याचा हंटर-ट्रॅपर शिक्षणाचा कोर्स झाला, लायसन्स आणि टॅग हातात आहेत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हंगाम सुरू होतो. त्याआधी रायफल नीट जुळलेली हवी.

रायफल मार्लिन ३३६ आहे, लिव्हर ओढून काडतूस भरायची, थर्टी-थर्टी काडतुसाची. शेजारच्या एका आजोबांनी म्हातारपणी शिकार सोडली, त्यांच्याकडून रीतसर घेतली. बरीच जुनी आहे, घोडा अर्धा ओढून अडकवायच्या खाचेशिवाय वेगळी सेफ्टी नाही. नेम धरायला मागे पायऱ्यांच्या पट्टीवर बसणारी खाचेची साइट, पुढे उंचवट्यावर पितळी मणी असलेली माशी, म्हणजे पुढची साइट. दुर्बीण नाही आणि मला बसवायचीही नाही. ज्या जंगलात बसणार तिथे ७०-७५ यार्डांपलीकडचं दिसतच नाही.

आता अडचण. ५० यार्डांवर, बाकावर बसून, लाकडी पुढच्या भागाखाली वाळूची पिशवी ठेवून मारते. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, साधारण दोन इंचांत येतो, तो मला पुरेसा वाटतो. पण सकाळी गेले की अख्खा ग्रुप मध्यापासून चार इंच डावीकडे आणि तीन इंच खाली. संध्याकाळी गेले की तीन इंच खालीच, पण आडवा जवळजवळ मध्यावर! काडतुसं एकाच खोक्यातली, १७० ग्रेन वजनाच्या, चपट्या नाकाच्या गोळीची. मागची साइट सैल असेल म्हणून नळीवर आणि साइटवर मिळून पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली. ती जागची हललेली नाही.

रेंजवर विचारलं तर एक जण म्हणतो साइट उजवीकडे ठोक, दुसरा म्हणतो तुझा चाप चुकतोय. कुठला ग्रुप खरा धरू? साइट किती सरकवू? आणि ५० वर जुळवू की १०० वर?

एवढ्या बारकाईने विचारते आहे कारण चार इंचांच्या फरकाने फुप्फुसाऐवजी पोटात गोळी बसते, आणि तसं हरीण तासन् तास तडफडत पळतं. ते माझ्या हातून व्हायला नको.

उत्तरवारा:

ताई, मी विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं शिकार करतो. आधी रायफल रिकामी करा. नळीमागच्या कप्प्यात बोट घालून बघा, नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यातही एखादं अडकलेलं असतं. मगच हातोडी घ्या.

पिशवी लाकडाखाली आहे ना? नळी किंवा नळीखालचं नळकांडं कशावर टेकलं तर या रायफली लगेच दुसरीकडे मारतात. नळी तापू देऊ नका, पातळ आहे. तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर गार होईपर्यंत थांबा. आणि पुढची माशीही हलवून बघा, सगळे मागचीच बघतात. चाप चुकत असता तर ग्रुप विस्कटला असता. तुमचा ग्रुप घट्ट राहून फक्त जागा बदलतोय, म्हणून मला तरी दोष तुमचा वाटत नाही.

करवीर_नेमबाज:

नमस्कार. मी कोल्हापूरचा, ५० मीटर रायफल मारायचो, आता मुलांना शिकवतो. शिकारीतलं मला काही ठाऊक नाही, पण साइटबद्दल दोन प्रश्न विचारतो. तुमच्या रेंजवर तोंड कोणत्या दिशेला असतं? आणि माशीवर टोपण आहे का, म्हणजे वरून बसणारी अर्धगोल पत्र्याची कमान?

सस्क्वेहानाकाठी:

तोंड उत्तरेला. टोपण नाही, पण उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खोबणी आहेत. त्या कशासाठी ते कळलं नव्हतं.

करवीर_नेमबाज:

त्या टोपणासाठीच आहेत. ते हरवलेलं आहे किंवा आजोबांनी काढून ठेवलेलं आहे. तुमचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

उत्तरेला तोंड म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या उजवीकडून येतं. पितळी मणी गोल आणि चकचकीत. ऊन उजवीकडून पडलं की मण्याची उजवी कड लखलखते आणि डावी बाजू सावलीत जाऊन डोळ्याला जवळजवळ दिसेनाशी होते. डोळा त्या लखलखत्या कडेलाच अख्खा मणी समजतो आणि ती कड खाचेच्या मध्यावर आणतो. खरा मणी तेव्हा मध्याच्या डावीकडे गेलेला असतो, म्हणजे नळीचं तोंडही डावीकडे. गोळी उजेडापासून दूर जाते. संध्याकाळी ऊन डावीकडून, तेव्हा हेच उलट होतं.

हा फरक किती मोठा, ते हिशोबाने बघा. खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर मोजा. १६ इंच धरू. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. डोळ्याने माशी इंचाच्या पन्नासाव्या भागाने, अर्ध्या मिलिमीटरने, चुकीच्या जागी धरली तरी कागदावर ती चूक ११२ पट होऊन उतरते, सव्वादोन इंच. तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या ग्रुपांत चार इंचांचं अंतर आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन. हे जवळजवळ बसतं.

म्हणून दोन्हीपैकी एकही ग्रुप खरा धरू नका. खरी जागा दोन्हींच्या मधोमध, दोन इंच डावीकडे असावी. ती मान्य करण्याआधी तपासा. मेणबत्तीची काजळी मण्यावर धरा, म्हणजे तो सगळीकडून सारखा काळा दिसेल (काजळी नंतर पुसता येते). मग सकाळी आणि संध्याकाळी मारून बघा. ग्रुप एकाच जागी आले तर कारण सापडलं.

आमच्या स्पर्धेच्या रायफलीत माशी एका नळकांड्याच्या आत बसते, त्याचं एक मोठं कारण हेच. २०२४ला पॅरिसमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याच्या रायफलीचे फोटो पाहिलेत तर पुढे हे नळकांडं दिसेल. बाजूचं ऊन माशीवर पडूच द्यायचं नाही.

पानगळ:

विषयाला सोडून लिहिते, माफ करा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं असं मानत मी मोठी झाले. पोट भरलेलं असताना हरीण का मारायचं, हे मला अजून पटत नाही. तुम्ही इतक्या काळजीने विचारता आहात म्हणून विचारते.

सस्क्वेहानाकाठी:

विचारलंत ते बरं झालं. मलाही इथे येऊन हे समजायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियात हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ला गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीव बघणारं राज्याचं खातं, स्थापन झालं आणि १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली. लांडगा आणि प्यूमा मात्र परत आले नाहीत. आता कुंपण घातलेल्या जंगलाच्या तुकड्यात ट्रिलियमची फुलं आणि ओकची रोपटी दिसतात, आणि कुंपणाबाहेर गुडघ्यापर्यंत नुसतं नेच्याचं रान. हरणं बाकी सगळं खाऊन टाकतात.

मांस आम्ही खाणार आहोत. जास्त झालं तर इथल्या अन्नछत्रांना हरणाचं मांस पोचवण्याची व्यवस्था आहे, तिथे देऊ. महाराष्ट्रात मी बंदूक हातात घेतली नसती. इथे मला हे जबाबदारीचं काम वाटतं, आणि म्हणूनच ते नीट व्हावं अशी धडपड आहे. तुमचा विरोध मला समजतो.

पानगळ:

कुंपणाची गोष्ट माहीत नव्हती. मन वळलं असं म्हणणार नाही, पण सविस्तर उत्तर दिलंत त्याबद्दल आभार.

उत्तरवारा:

अंतराच्या प्रश्नावर मी सांगतो. सुरुवात ५० वर करा, कारण तिथे चूक स्पष्ट दिसते आणि काडतुसं वाया जात नाहीत. पण शेवटचा ताळा १०० वर घ्या. १७० ग्रेनची गोळी १०० वर जुळवली की ५० वर अर्धा ते एक इंच वर लागते. हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण आठ इंचांच्या वर्तुळात मावतं, त्यामुळे तुमच्या जंगलात कुठेही नेम वर-खाली धरायची गरज नाही. २०० यार्डांवर मात्र ती आठ-नऊ इंच खाली येते. तिकडे जाऊच नका.

आणि एक महत्त्वाचं. तुमच्या रायफलीच्या नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकून. म्हणून टोकदार धातूची गोळी यात कधी घालू नका, धक्क्याने आतल्या आत उडू शकते. चपटी चालते, किंवा हॉर्नाडी कंपनीची मऊ रबरी टोकाची. काडतूस बदललंत तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

सस्क्वेहानाकाठी:

काजळी लावून मारलं. सकाळी दोन इंच डावीकडे, संध्याकाळीही दोन इंच डावीकडे! उंची पूर्वीसारखीच, तीन इंच खाली. करवीरदादा, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. अंतर मोजलं, १६ इंचच भरलं.

आता सरकवायचं कसं ते सांगा. चुकून उलट दिशेला ठोकायला नको.

करवीर_नेमबाज:

छान! मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, माशी त्याच्या उलट. तुम्हाला गोळी उजवीकडे आणि वर हवी, म्हणजे मागची साइट उजवीकडे आणि वर.

किती, ते त्याच हिशोबाने. दोन इंच गुणिले १६ भागिले १८०० म्हणजे सुमारे ०.०१८ इंच, अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित कमी. उंचीसाठी ०.०२७ इंच, पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. पट्टीची एक पायरी चढवा आणि मारून बघा. पायऱ्या जाड असतात, त्यामुळे उंची हवी तिथेच थांबेल याची खात्री नाही. गोळी वर गेली तर उंच माशी मिळते, ती बसवता येते.

आडवं सरकवताना पितळेचा ठोकणा वापरा, लोखंडाचा नको. रायफल मऊ कापडात घट्ट धरा. एक मोठा दणका देण्यापेक्षा हलके ठोके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर तुमची ती पेन्सिलची रेघ बघा, किती तुटली ते. व्हर्नियर असेल तर उत्तम. जुनी साइट खाचेत गंजून बसलेली असते, आधी थोडं तेल सोडून रात्रभर ठेवा.

एका गोळीवर विश्वास ठेवून सरकवू नका. आधी ग्रुप, मग साइटला हात.

चष्मेवाला_काका:

मी न्यू जर्सीत असतो, वय साठीच्या पुढे. ताईंच्या रायफलीत काजळी रेंजवर ठीक, पण जंगलात पहाटेच्या अंधूक उजेडात काळा मणी काळ्या बुंध्यावर दिसणारच नाही. शिकारीला पितळ चमकलेलंच हवं. टोपण शोधा, या रायफलीचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं.

आणि चाळिशी लागली असेल तर मागची खाच, माशी आणि हरीण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसणार नाहीत. माशी स्पष्ट धरा, बाकीचं धूसर राहू द्या. मी शेवटी मागे भोकाची साइट बसवली. तिच्या भोकातून नुसतं बघायचं, मध्य डोळा आपोआप शोधतो. बऱ्याच ३३६वर त्यासाठी स्क्रूची भोकं आधीच पाडलेली असतात.

सस्क्वेहानाकाठी:

काका, बाजूला खरंच दोन छोटे स्क्रू आहेत, भोकं बुजवण्यासाठीच असावेत. यंदा मात्र आहे तीच ठेवते, हंगामाच्या तोंडावर नवं काही नको.

साइट सरकवली. तेल सोडून ठेवल्यावर हलक्या ठोक्यांनी हलली. पायरी एक चढवली. ५० वर ग्रुप आता आडवा मध्यावर आणि जेमतेम इंचभर वर. १०० वर मध्याच्या आसपास, तिथे ग्रुप साडेतीन इंचांत. टोपण आजोबांच्याच खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात सापडलं! ते म्हणाले, पावसात पानं अडकायची म्हणून काढलं होतं. काजळी पुसून ते चढवलं, तरी गोळ्या त्याच जागी.

एकच राहिलं. बाकावर बसून जमतं, पण झाडाला टेकून बसल्यावर ग्रुप पसरतो. त्याला साइटमध्ये काही करायचं का?

उत्तरवारा:

साइटला आता हात लावू नका. आठ इंचांची कागदी थाळी लावा आणि ज्या बैठकीत शिकार करणार त्याच बैठकीत, जाड जाकीट आणि वर नारिंगी व्हेस्ट घालून मारा. जाकिटाच्या जाडीने दस्ता खांद्यावर वेगळा बसतो. जितक्या अंतरावर प्रत्येक गोळी थाळीत जाते, तेवढंच तुमचं अंतर. ६० यार्ड निघालं तर ६०च्या पलीकडचं हरीण जाऊ द्यायचं.

प्रत्येक दिवशीची पहिली गोळी वेगळ्या रंगाने नोंदवा, गार नळीतून गेलेली ती. जंगलात तेवढीच एक मिळते.