वादळात घराचं नेमकं किती गेलं, हे मोजायचं कसं? (श्रीवर्धन–दिवेआगर)

आगरवाट:
निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. त्या भागातल्या कुटुंबांवर त्याचा काय परिणाम झाला, याची पाहणी आमच्या गटाला करायची आहे. पंचनाम्यात लिहिलेल्या नुकसानीतून मिळालेली मदत वजा केली की कुटुंबाला बसलेला फटका निघेल, असं सध्या धरलंय. हे कितपत बरोबर? प्रश्नावलीत काय विसरू नये?

रोठावाला:
वजाबाकी करायला हरकत नाही, पण पहिलाच आकडा कच्चा आहे. आधी मदतीचा दर बघा. फळबागेला हेक्टरी 18,000 मिळायचे, निसर्गनंतर ते 50,000 झाले, मर्यादा 2 हेक्टर. पुढे झाडामागे दर आला, नारळाला 250 आणि सुपारीला 50 रुपये.

आता 10 गुंठ्यांचं आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग घ्या. 2.7 मीटर अंतराने सुपारी लावली तर त्यात साधारण 138 झाडं बसतात. क्षेत्रावर मोजलं तर 5,000 रुपये, झाडावर मोजलं तर 6,900. झाडं तीच, वारा तोच, रक्कम वेगळी. शिवाय आपल्याकडचं जुनं आगर एका पिकाचं नसतं. वर नारळ, मध्ये सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, सावलीला जायफळ, कडेला केळी. क्षेत्र एकदाच धरलं जातं, उत्पन्न मात्र चार-पाच ठिकाणांहून यायचं. तेव्हा मिळालेली रक्कम कोणत्या पद्धतीने काढली होती, हा रकाना ठेवाच.

खोतवाडी_हिशेब:
आणखी एक घोळ असा की पंचनामा सातबाऱ्यावरच्या जमीनखात्याप्रमाणे होतो आणि तुमची पाहणी चुलीप्रमाणे, म्हणजे एकत्र जेवणाऱ्या घराप्रमाणे होणार. सातबाऱ्यावर पाच नावं, त्यातली तीन मुंबईला, आगर कसतो चौथा. अशा सामाईक खात्यात बाकीच्यांचं संमतीपत्र आल्याशिवाय पैसे अडकतात. काही घरांत पैसे एकाच्या बँक खात्यात आले आणि मग वाटणी झाली. म्हणून ‘मदत किती मिळाली?’ एवढंच विचारू नका. ‘कोणाच्या खात्यात आली, तुमच्या चुलीपर्यंत किती पोचली?’ असं विचारा. घराच्या मदतीलाही हेच लागू. नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीवर) आजोबांचं नाव असेल तर राहणाऱ्याचं काम अडतं.

आता मुख्य गोष्ट. पंचनामा वादळानंतर लगेच होतो, झाडं मात्र पुढे कित्येक महिने मरत राहतात. शेंडा पिळवटलेली सुपारी जूनमध्ये उभी दिसते, म्हणजे कागदावर जिवंत. नारळाचा कोंब दुखावला की पावसाळ्यात तो कुजायला लागतो. बोटाने ओढला तर कोवळं पान बुडातून सुटून हातात येतं, सडका वास येतो, आणि झाड गेलंच म्हणून समजा. त्यामुळे एक प्रश्न असाच ठेवा: ‘पंचनाम्याच्या दिवशी उभी होती आणि दिवाळीपर्यंत मेली, अशी झाडं किती?’

त्यानंतर आडव्या पडलेल्या खोडांचं बघा. नारळाच्या खोडाला गिऱ्हाईक नसतं आणि कापायची मजुरी अंगावर पडते, म्हणून खोडं आगरातच कुजत राहतात. गेंड्या भुंगा नेमकी तिथे अंडी घालतो. मोठा झालेला भुंगा नव्या रोपांचा शेंडा पोखरतो. पान उमललं की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं, तीच त्याची खूण. म्हणजे ज्याच्याकडे साफसफाईला पैसे नव्हते, त्याची नवी लागवडही मार खाते. खोडं किती महिन्यांत हलवली हे विचाराल तर गरीब आणि सुस्थितीतलं आगर वेगळं कसं होत गेलं, ते दिसेल.

नव्या सुपारीला सावली लागते. ती देणारी झाडंच पडली, म्हणून आधी केळी लावायची आणि मग रोप. सुपारीला फळ धरायला 5 ते 7 वर्षं, बाणवली या उंच जातीच्या नारळाला 6-7. नुकसान काढताना एका वर्षाचं उत्पन्न गुणिले सात असं करू नका. वाचलेल्या झाडांचं उत्पन्न आणि वाचलेली काढणीची मजुरी वजा करा, नव्या लागवडीचा खर्च मिळवा. मी तर वर्षवार तक्ताच करतो, एकच आकडा फसवतो.

सोलकाम:
ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांचं काय? सुपारी सोलणाऱ्या बायका आणि माडावर चढणारे पाडेली यांचं काम झाडांबरोबर आडवं झालं. पंचनाम्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही, त्यामुळे तुमच्या वजाबाकीत त्यांचं नुकसान शून्य येईल. यादी फक्त सातबाऱ्यावरून काढलीत तर ही घरं भेटणारच नाहीत. बचत गटाच्या वह्यांवरून काढा.

तारीखही लक्षात घ्या. 3 जून म्हणजे आगोटीची, पावसाळ्यापूर्वीची बेगमी भरून झालेली असते. तांदूळ, मसाला, सुकट, सुके बोंबील, पडवीत रचलेली लाकडं, भाताचं बियाणं. कौलं उडाली आणि हे सगळं भिजलं. मदतीचा कागद भिंत आणि छप्पर बघतो, कणगीत डोकावत नाही. त्या जून-जुलैत धान्य विकत घेतलं का, उसनं आणलं का, बियाणं कुठून आलं, हे एकेक करून विचारा. ‘खाण्यापिण्यात फरक पडला का?’ असं विचारलंत तर सगळे ‘नाही’ म्हणतील.

कर्जाचं तोंडी विचारू नका. दागिने गहाण टाकल्याच्या पावतीवर तारीख असते, ती बघा.

समुद्रसपाटी:
वरचं सगळं पटलं, फक्त एक इशारा. 2020 चा जून म्हणजे टाळेबंदीचाही काळ. एरवी संकटात मुंबईहून चाकरमान्याचे पैसे येतात, त्या वर्षी चाकरमानीच गावी येऊन बसलेले. वादळ आणि कोरोना वेगळे काढायचे तर वादळ न लागलेली गावं तुलनेला हवीत. मालवण-वेंगुर्ल्याकडची घेता येतील, पण मे 2021 च्या मध्यावर तिकडे तौक्ते चक्रीवादळ आलं. म्हणजे तुलनेचा काळ जेमतेम साडेअकरा महिन्यांचा. त्यापुढचे आकडे मिसळू नका.

मच्छीमार घरं वेगळी ठेवा. निसर्ग जूनच्या सुरुवातीला आलं, मासेमारीचा हंगाम संपायच्या सुमारास. तौक्तेने हंगामाचे शेवटचे आठवडे खाल्ले. दोघांना एकाच सरासरीत घातलं तर काहीच कळणार नाही.

आगरवाट:
चूल आणि खातं, दोन्ही रकाने घालतो. यादी बचत गटाच्या वह्यांवरून आणि सातबाऱ्यावरून अशी दोन्हीकडून काढू. खोडं हलवल्याचा महिना लोकांना आठवेल का?

खोतवाडी_हिशेब:
महिना विचारू नका. ‘गणपतीच्या आधी की नंतर, की शिमग्यापर्यंत तिथेच होती?’ असं विचारा, लगेच सांगतील.