व्होलाटाइल नसेल तर दोनदा तपासूनही उपयोग नाही
वर एकांनी म्हटलंय की सिंक्रोनाइज्डच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) आत आणि बाहेर असं दोनदा फील्ड नल आहे का तपासलं की सिंगलटन (ज्याचा एकच ऑब्जेक्ट, तोही लागेल तेव्हा बनतो असा क्लास) सुरक्षित. जावात तेवढ्यावर भागत नाही. कन्स्ट्रक्टर चालवणं आणि रेफरन्स फील्डमध्ये ठेवणं या वेगळ्या पायऱ्या आहेत, त्यांचा क्रम कंपायलर किंवा प्रोसेसर बदलू शकतो. मग बाहेरच्या तपासणीत दुसऱ्या थ्रेडला अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट मिळतो. त्याने लॉक घेतलेलंच नसतं, ते त्याला वाचवणार कसं? फील्ड व्होलाटाइल करा, म्हणजे हा क्रम बदलता येत नाही. आणि तेही जावा ५ पासूनच (२००४) पुरेसं आहे, जुन्या मेमरी मॉडेलमध्ये (एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याचे जावाचे नियम) त्यानेही हे सुटत नव्हतं.

सिंगलटन असेल तर मी हा खटाटोप करतच नाही. आत एक प्रायव्हेट स्टॅटिक होल्डर क्लास, त्यात स्टॅटिक फायनल फील्ड. तो क्लास पहिल्यांदा लागेल तेव्हाच जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) इनिशियलाइज करतं, लॉकिंगही तेच सांभाळतं. मात्र कन्स्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकलं तर तो क्लास बाद. पुढे तो वापरायला गेलं की दरवेळी नोक्लासडेफफाउंडएरर. त्यामुळे डेटाबेस कनेक्शनसारखं फसू शकणारं काम तिथे नको. (सी++११ मधला फंक्शनातला स्टॅटिक व्हेरिएबल इथे जास्त समजूतदार: एक्सेप्शन आलं तर पुढच्या कॉलला पुन्हा प्रयत्न करतो.)