अशोक सराफांना ‘विनोदी’ या शिक्क्यानं मोठं केलं की अडवून ठेवलं?

तिसरी_घंटा

परवा तालीम आटोपून आम्ही सोलापुरात सात रस्त्याला चहाला थांबलो होतो. नव्या मुलांपैकी एकजण सहज बोलून गेला, ‘अशोकमामा म्हणजे कॉमेडी, दुसरं काय?’ मला ते फार लागलं. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून इथे मांडते.

स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून हा माणूस नाटक करत होता. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’त विदूषक केला. विजया मेहतांच्या हाताखाली ‘हमीदाबाईची कोठी’ही केलं. अशा तालमीतला नट. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ आला, १९७७ साली ‘राम राम गंगाराम’मधला म्हमदू खाटीक आला, आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. तिथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पण त्यानंतर निर्मात्यांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, हसवा. पुन्हा हसवा. ‘चौकट राजा’त (१९९१) नंदूच्या पाठीशी उभा राहणारा वस्तीतला गणा आठवा. ‘वजीर’ आठवा. अशा भूमिका एवढ्या मोठ्या कारकिर्दीत बोटांवर मोजाव्या लागतात. माझं स्पष्ट मत आहे की आपण प्रेक्षकांनी एका थोर नटाला एकाच खोलीत कोंडून ठेवलं आणि बाहेरून कडी घातली.

मागावरचा

ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, तुमचं पटलं नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू. आजीला मराठी बाजारापुरतंच यायचं. शेडमध्ये आमचे माग होते आणि दाराशी, कांड्यांवर सूत भरायच्या मशिनच्या वरच्या फळीवर, एक छोटा टीव्ही. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे टीव्हीचं काय ऐकू येणार? मागावरची माणसं हातवारे करून, ओठ बघून बोलतात. तरी रविवारी ‘धुमधडाका’ लागला की सगळ्यांचे डोळे तिकडे. मामा पाइप तोंडात धरून बसलेत, बोलता बोलता खांदे वर जातात, डोळे बाहेर येतात, ठसका लागतो आणि ठसका ओसरल्यावर जणू काही झालंच नाही असा चेहरा. आवाज शून्य. माझी आजी कांडी भरायची थांबून पदर तोंडाला लावून हसायची. धागा तुटला तरी तिला पत्ता नसायचा.

एक शब्द न ऐकता, भाषा न कळता माणूस हसतो, तेव्हा तो कशाला हसतो? अभिनयालाच ना? मग ‘कोंडून ठेवलं’ कसं म्हणता? गंभीर भूमिका म्हणजे वरची पायरी आणि विनोद म्हणजे खालची, हे आधी मनातून काढा. माझी तक्रार तुमच्या या उतरंडीबद्दल आहे.

नवी_पेठ

मागावरच्या भावाशी शंभर टक्के सहमत. त्यात एक भर घालतो. ‘धुमधडाका’ १९८५ चा. तेव्हा सराफ चाळिशीच्या आत होते. समोर कोण, तर शरद तळवलकर. म्हणजे तरुण माणूस म्हाताऱ्याचं सोंग काढून बसलाय आणि समोर खरोखरचा बुजुर्ग नट, ज्याला विनोदातली प्रत्येक खाच माहीत. सोंग जरा जास्त झालं असतं तर तळवलकरांसमोर उघडं पडलं असतं. तो ठसका कुठे टाकायचा हे कळायला आयुष्य घालवावं लागतं. भागवत थिएटरमध्ये मी तो सिनेमा दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी फक्त तळवलकरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

जुळे_सोलापूर

तुम्ही सगळे मराठी सिनेमावरच बोलताय. मला हिंदीचा राग आहे. ‘करण अर्जुन’मध्ये (१९९५) ठाकूरचा मुनशी. ‘सिंघम’मध्ये (२०११) हवालदार. इकडे ज्यांच्या नावावर थिएटर भरायचं, त्यांना तिकडे कुणाच्या तरी मागे उभं राहायचं काम. लक्ष्यालाही तेच, ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये नोकर. मराठी नट म्हणजे मुनशी, हवालदार नाहीतर नोकर. हा खरा शिक्का. विनोदी वगैरे नंतर.

मागावरचा

@जुळे_सोलापूर, हे मान्य. यावर वादच नाही.

बार्शीकर_वहिनी

पण हिंदीत सगळंच तसं नव्हतं, टीव्ही विसरू नका. ‘हम पांच’ त्याच १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालं. पाच मुलींचा बाप आनंद माथुर. तो काही कुणाच्या मागे उभा नव्हता, अख्खं घर त्याच्याभोवती फिरायचं. पहिली बायको वारलेली, ती भिंतीवरच्या फोटोतून बोलते, ती प्रिया तेंडुलकर. दुसरी बायको शोमा आनंद, ती घरात वावरते. आता विचार करा, फ्रेममधल्या बाईशी बोलायचं, तेही बाकी कुणाला कळू न देता. दर भागात तेच, तरी दरवेळी वेगळं. ऑफिसातून थकून आलेला माणूस भिंतीपाशी जाऊन मान थोडी तिरकी करून उभा राहायचा. मला त्यात हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं. माझे वडील तेव्हा नुकतेच गेले होते, आणि आमची आई स्वयंपाकघरात वडिलांच्या फोटोशी असंच बोलायची. भाजी काय केली ते सांगायची. म्हणून मला ती मालिका निव्वळ विनोदी कधी वाटली नाही.

तिसरी_घंटाताई, तुम्ही ज्या गंभीर भूमिका शोधताय, त्यातली एक घराघरात वर्षानुवर्षं चालू होती. लोक हसत होते म्हणून ती तुम्ही मोजली नाहीत.

तिसरी_घंटा

वहिनी, तुमच्या आईंबद्दलचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ‘हम पांच’ मी खरंच मोजली नव्हती. चूक माझी.

तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. मागावरच्या भावा, मी विनोदाला खालचं मानत नाही. मी स्वतः स्टेजवर विनोदी कामं करते, आणि हशा आला नाही की पोटात कसा खड्डा पडतो ते मला ठाऊक आहे. माझा प्रश्न निवडीचा आहे. नटाला दोन्ही दारं उघडी हवीत. लक्ष्याचंच बघा. आपल्या सोलापुरात शाळा शिकलेल्या जब्बार पटेलांनी १९९२ साली त्याला ‘एक होता विदूषक’ दिला, लेखन पु. लं.चं. लक्ष्यानं जीव ओतला. आणि प्रेक्षक? फिरकले नाहीत. ‘लक्ष्या रडतोय, कशाला बघायचं?’ हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय. दार कुणी बंद केलं? निर्माते नंतर, आधी आपण. मामांनी हे सगळं शेजारून पाहिलं असणार. त्यानंतर कोण धाडस करेल?

नवी_पेठ

हा मुद्दा मात्र वजनदार आहे. ‘विदूषक’ मी पाहिला नव्हता. आजही पाहिलेला नाही. कबूल करतो.

मागावरचा

ताई, आता तुम्ही योग्य जागी आलात. दोष शिक्क्याचा नाही, तिकीट काढणाऱ्याचा आहे. पण मग मामांना बिचारं करू नका. कुणी अडवलेला माणूस पन्नास वर्षं टिकत नाही. ‘बनवाबनवी’तला धनंजय माने घ्या. घरमालकाला त्याचे सत्तर रुपये गेल्याचं सांगतो, ते माणूस गेल्याच्या सुरात. चेहऱ्यावर हसू नाही, आवाजात दुःख. समोर सुधीर जोशी. मी तर म्हणतो तो अख्खा प्रसंग मामांनी गंभीर भूमिका म्हणूनच केलाय, म्हणून तर आपण हसतो. दोन दारं कसली, त्यांनी मधली भिंतच पाडली.

२०२३ चा महाराष्ट्र भूषण, २०२५ ची पद्मश्री, हे ‘वेगळं काहीतरी’ केल्याबद्दल मिळालं नाही. हसवण्याबद्दल मिळालं.

तिसरी_घंटा

मिळालं, पण किती उशिरा! १९४७ चा जन्म. पद्मश्री मिळाली तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. गंभीर भूमिका करणाऱ्याला एवढं थांबावं लागतं का? इथे तुमची उतरंड आहेच ना? ती मी नाही बांधली.

जुळे_सोलापूर

ताई, हे लाखातलं बोललात.

मागावरचा

मान्य. उशीर झाला, आणि त्याचं वाईट मलाही वाटतं.

बार्शीकर_वहिनी

‘वेड’ (२०२२) पाहिला का कुणी? त्यात रितेशचा बाप झालेत. माझ्या कॉलेजातल्या मुलाला मामा तिथे पहिल्यांदा भेटले. त्याला धनंजय माने रील्समधून माहीत होता, पण हा तोच माणूस हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी सांगितल्यावर त्यानं मोबाइलवर ‘बनवाबनवी’ लावला आणि एका बैठकीत संपवला.

तिसरी_घंटा

वहिनी, मुलाला आता ‘चौकट राजा’ दाखवा. आणि मागावरच्या भावा, एक विचारायचं राहिलं. आजीला गंभीर काम कधी दाखवलंत का?

मागावरचा

एकदा दाखवलं. ‘चौकट राजा’च. रविवारीच, पण त्या दिवशी लाइट गेलेली, माग बंद, आणि टीव्ही शेजारच्यांच्या बॅटरीवर लावलेला. पहिल्यांदाच शेडमध्ये आवाज ऐकू येत होता. आजी शेवटपर्यंत बसली. मग तेलुगूत एवढंच म्हणाली, ‘हा पाइपवाला ना? याचा आवाज किती चांगला आहे.’