श्वासच का? पायांपासून सुरुवात करा

साथीच्या काळात सजगतेचा (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा) सराव करताना श्वासाकडे लक्ष दिलं की भीती उलट वाढते, ही तक्रार अगदी रास्त आहे. आजार श्वसनाचा असेल तर माणूस आधीच दर तासाला छाती चाचपत असतो. त्यात श्वास 'बघायला' सांगितलं की प्रत्येक अडखळ लक्षण वाटू लागते.

पण श्वासाची सक्ती कुठेच नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला सजगतेचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम मुख्यतः जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी होता. त्यात शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं आणि सावकाश चालणंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या सचित्र ताण-मार्गदर्शिकेतलं पहिलं कौशल्यही तसंच सोपं आहे: मनात काय चाललंय ते ओळखायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, आजूबाजूला काय दिसतंय-ऐकू येतंय ते टिपायचं. भीती जात नाही, तिच्यामागे फरफटत जाणं थांबतं. बातम्या पुन्हा उघडायला हात फोनकडे जातो, नेमकी ती वेळ यासाठी उत्तम.

याने प्रतिकारशक्ती वाढते वगैरे दावे मात्र सोडून द्या. लस, मास्क, विलगीकरण यांची जागा हा सराव घेत नाही. आणि झोप उडाली असेल, जुने आघात वर येत असतील, तर एकट्याने डोळे मिटून बसण्याचा हट्ट नको. डोळे उघडे ठेवून दोन मिनिटंच करा आणि समुपदेशकाशी बोला.