शिसवाची पूड हळदूत
वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून लेथवर (लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर) पेन बनवण्याच्या या चर्चेत वर कुणी सल्ला दिलाय: सागवान, शिसव तेलकट असतं, म्हणून तुकडे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. तो अगदी बरोबर. पुसल्यावर लगेच चिकटवा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. पण सांधे पक्के बसले तरी तुकडे जोडलेलं पेन घासताना बिघडू शकतं, ते इथे कुणी लिहिलेलं नाही. शिसवाची जांभळट-काळी पूड शेजारच्या हळदूच्या (हे पिवळं लाकूड) रंध्रांत बसते आणि पिवळा पट्टा मळकट होतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तर रंग आणखी आत जिरतो!

म्हणून मी स्क्यू पटाशीला (तिरप्या धारेच्या पटाशीला) ताजी धार लावून लेथवर शक्य तेवढं कापूनच गुळगुळीत करतो. मग रंध्रं बंद व्हायला पातळ सुपरग्लूचा एक हात, आणि तो वाळल्यावरच ४०० नंबरचा पॉलिशपेपर. प्रत्येक नंबरानंतर पूड कोरड्या ब्रशने किंवा हवेने उडवायची.