जाळणं-पुरणं एवढ्यावर भागत नाही

"मेलेल्यांना हिंदू जाळतात, ख्रिस्ती पुरतात, विषय संपला" असं लोक सर्रास म्हणतात. इतकं सोपं नाही हो ते. हिंदूंमध्येही संन्याशांना आणि तान्ह्या मुलांना पुरतातच, लिंगायत तर बसवून पुरतात.

आणि आमच्या गोव्यात पुरणं म्हणजे कायमचं पुरणं नव्हे. चर्चच्या दफनभूमीत जागा मोजकी. घराण्याचं स्वतःचं थडगं नसेल तर काही वर्षांनी खड्डा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर संगमरवरी पाटी आणि फोटो. खड्डा पुढच्याला मोकळा! पूर्वी तर चर्चच्या आतच पुरत. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च पाहा, कुलचिन्हं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा म्हणजेच तिथली फरशी. पर्यटक त्यावरून खुशाल चालतात, मला अजून जमत नाही.

खुद्द गोंयच्या सायबाचं, म्हणजे ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर यांचं घ्या. १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर त्यांना पुरताना चुना घातला, मांस लवकर झडून हाडं नेता यावीत म्हणून. पण मांस झडलंच नाही, असं सांगतात. तिथून शव मलाक्काला, मग १५५४ मध्ये गोव्याला. आता साधारण दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन, त्याला हिंदूही रांग लावतात.